हजर असलेल्यांच्या सह्या

टेसी यार्नल कुणालाही 'तू' म्हणायची. न्यायाधीश असो, गाडीवान असो, शहरातला रेशमी मोजे घातलेला व्यापारी असो, नाहीतर दारात आलेला भिकारी. आमच्या ब्रँडीवाइनच्या खोऱ्यातले सगळेच स्नेही, म्हणजे आमच्या पंथाचे लोक, तसं बोलतात, त्यात नवल नाही. देवाला एकवचन आणि जमीनदाराला बहुवचन, हा उलटा न्याय आमच्या वाडवडिलांना पटला नाही आणि त्यापायी त्यांनी तुरुंगही पाहिले. पण खरं सांगायचं तर आमच्यातले बाकीचे लोक मोठ्या माणसासमोर 'तू' म्हणायची वेळ आली की थोडे खाकरतात, जरा खाली बघतात. टेसी खाकरायची नाही. समोरचा रागावला तर याला एकाएकी काय झालं, हे तिला खरोखरच कळायचं नाही.

तिचा धंदा चर्मपत्रांचा. तो तिच्या बापाचा होता आणि बाप गेल्यावर तिने चालवला. ओढ्याच्या काठी दगडी घर, त्याला लागून लांबट पडवी, पडवीत चुन्याच्या पाण्याची तीन पिंपं. मेंढीचं कातडं त्या पाण्यात आठ-दहा दिवस भिजवायचं, लोकर उतरवायची, मग ते ओलंच लाकडी चौकटीत ताणायचं. कातड्याला भोकं पाडून चालत नाही. कडेला ठिकठिकाणी एकेक गुळगुळीत खडा कातड्यात गुंडाळायचा, त्याच्या मानेला दोरी आवळायची आणि दोरी चौकटीच्या खुंटीला. खुंट्या पिळत जायचं आणि चंद्रकोरीसारख्या सुरीने खरवडत जायचं. एक हात चुकला की महिन्याची मेहनत ढोलाच्याही कामाची राहत नाही. टेसीचा हात चुकत नसे. लग्न का केलं नाहीस असं कुणी विचारलं तर ती म्हणे, "कातडं ताणून सरळ करता येतं. नवऱ्याची हमी कोण देणार?"

तिच्या हाताखाली नव्हे, तिच्या जोडीने काम करणारी बाई म्हणजे सिल्व्ही. सिल्व्ही काळी, आमच्याच सभेतल्या, म्हणजे एकत्र प्रार्थनेला बसणाऱ्या मंडळीतल्या, एका सुखवस्तू घरात गुलाम म्हणून वाढलेली. गुलाम ठेवायचा नाही हे आमच्या लोकांना समजायला शंभर वर्षं लागली, आणि तोवर आम्ही सगळ्यांना 'तू' म्हणत होतोच. असो. सिल्व्हीच्या सुटकेचा लेख टेसीनेच दिलेल्या चर्मपत्राच्या तुकड्यावर लिहिलेला होता आणि तो सिल्व्ही एका पत्र्याच्या डबीत घालून कमरेला बाळगायची. जिभेची तिखट. टेसी नाकासमोर चालणारी आणि सिल्व्ही तिला वाटेतले खड्डे दाखवणारी, अशी ती जोडी होती.

आमच्याकडच्या लग्नाबद्दल मात्र दोन शब्द सांगायलाच हवेत, कारण सगळा घोटाळा तिथूनच झाला. आमच्या लग्नाला पाद्री लागत नाही. दोघं सभाघरात उभी राहतात, एकमेकांना वचन देतात, आणि मग ते वचन लिहिलेलं चर्मपत्र बाकावर पसरतात. त्याच्याखाली जो जो हजर आहे तो सही करतो. म्हातारेकोतारे, बायका, अक्षर नुकतंच शिकलेली पोरं, वाटेत पाऊस लागला म्हणून आत येऊन बसलेला परका वाटसरूसुद्धा. हजर होतास ना, मग सही कर. साक्षीला आणखी कुठली पात्रता लागत नाही. टेसीची निम्मी चर्मपत्रं या लग्नांसाठीच जायची. अशा कातड्यावर पहिली सुरी फिरवण्याआधी ती चौकटीसमोर तिपाई घेऊन पाचेक मिनिटं गप्प बसायची. जोडपं ओळखीचं असो वा नसो, त्या दोघांचं नीट निभावं एवढंच मनात आणायची. बापाची सवय होती, तिनेही ठेवली.

सतराशे शहात्तरच्या सातव्या महिन्यात फिलाडेल्फियाच्या कागदवाल्याचं पत्र आलं. मोठ्यातलं मोठं एक कातडं पाहिजे. एकही भोक नको, डाग नको. मजकूर लांबलचक आहे आणि खाली जमलेल्या सगळ्यांच्या सह्या मावतील एवढी जागा हवी. घाई आहे.

"सगळ्यांच्या सह्या," टेसी म्हणाली. "म्हणजे लग्न."

सिल्व्हीने पत्राच्या मापावर बोट ठेवलं. तिला अक्षरं येत नव्हती तेव्हा, पण आकडे कळत. "एवढं मोठं? हे लग्न आहे की जत्रा?"

"शहरातलं असेल. तिकडे चुलत्याचे मावसभाऊही जेवायला येतात."

"जेवायला येणारे सही करायला थांबतात होय?"

"थांबायलाच हवं. फुकटची साक्ष कुठे असते?"

तेवढं मोठं, बिनभोकाचं कातडं त्या वेळी एकच होतं. टेसीचा थोरला भाऊ एनॉक पलीकडच्या टेकडीवर मेंढ्या पाळायचा, त्याच्या कळपातल्या एका धिप्पाड मेंढ्याचं. त्या मेंढ्याने लहानपणी कुंपणात मान अडकवून घेतली होती आणि मानेपाशी त्याला शहाजिऱ्याच्या दाण्याएवढा पांढरा वण राहिला होता. टेसीने तो वण कडेच्या कोपऱ्यात येईल असं कातडं बसवलं. आधी तिपाई घेऊन ती त्याच्यासमोर बसली आणि त्या अनोळखी जोडप्याचा संसार सुखाचा होवो, असं नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ मनात धरलं. एवढ्या लोकांसमोर वचन द्यायचं म्हणजे पोरीची छाती दडपली असेल, असं तिला वाटलं.

त्याच आठवड्यात गावच्या पलटणीचा एक अधिकारी ढोलांसाठी कातडी मागायला आला होता. टेसीने त्याला ताक दिलं, बसायला सांगितलं आणि नाही म्हटलं. "तू ढोल वाजवणार, ढोलामागून पोरं चालणार, आणि ती कुठे चालत जातात ते तुलाही ठाऊक आहे." तो चिडून गेला. हे सांगायचं कारण एवढंच, की लढाईच्या बाबतीत टेसीचं मन स्वच्छ होतं. आमच्या लोकांनी लढायचं नाही, लढाईला हात लावायचा नाही, शपथ घ्यायची नाही आणि कुणाचंही राज्य उलथायच्या भानगडीत पडायचं नाही, हा नेम. तो तिने कधी मोडला नव्हता.

पानगळीच्या सुमाराला कागदवाल्याचं दुसरं पत्र आलं आणि त्या भल्या माणसाने मोठ्या अभिमानाने कळवलं, की तुझं कातडं कुठे गेलं माहीत आहे का. तेरा वसाहतींच्या प्रतिनिधींनी इंग्लंडच्या राजाशी काडीमोड घेतल्याचा जो लेख केला, तो त्याच्यावर सुंदर अक्षरात उतरवला आहे आणि खाली सगळ्यांनी सह्या केल्या आहेत.

सिल्व्ही पोट धरून हसली. "लग्न म्हणालीस ना? घटस्फोट निघाला."

टेसीला हसू आलं नाही. ही गोष्ट तिने कुणापासून लपवली नाही, लपवणं तिला जमतच नसे, आणि पंधरा दिवसांत ती सभेच्या कानावर गेली. आमच्यात चूक झाली की दोन वडीलधारे घरी येतात, शांतपणे बसतात, शांतपणे विचारतात. त्या शांतपणाला मी लहानपणापासून घाबरत आलो आहे. टेसीकडे आलेल्या दोघांपैकी एक होता एनॉक. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

"तुला ठाऊक होतं का, ते कशासाठी आहे?" एनॉकने विचारलं.

"नाही. मला लग्न वाटलं."

दुसरा वडीलधारा खोकल्यासारखं करून खिडकीकडे वळला. एनॉकच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. "मग अडचण नाही. एक खेदपत्र लिहू. अजाणता का होईना, बंडाच्या कामाला माझा हात लागला याचा मला खेद आहे, एवढंच. खाली तुझी सही. सभा संपताना वाचून दाखवू आणि विषय मिटेल."

"आणि नाही केली सही तर?"

"तर तू सभेची राहणार नाहीस," एनॉक म्हणाला. मग जरा थांबून, "तसं विचारू नकोस, टेसी."

"आणि त्या मेंढ्याचं काय? मेंढा तुझा होता, एनॉक. त्यालाही सभेपुढे बोलवायला हवं होतं."

पण ती सही करणार होती. त्यात खोटं काही नव्हतं. तिला ठाऊक नव्हतं आणि ती बंडात नव्हती. शिवाय सभा म्हणजे तिचं सगळं. आई-बाप तिथल्याच गवताखाली होते, बिनदगडाचे, आमच्या पद्धतीप्रमाणे. ज्या बाकावर ती चार वर्षांची असताना पाय हलवत बसायची त्याच बाकावर ती बावन्नाव्या वर्षी बसत होती. सभेतून काढलेला माणूस दारातून आत येऊ शकतो, मागे बसू शकतो, पण कारभारात त्याला तोंड नाही आणि यादीत त्याचं नाव नाही. एनॉकची मुलगी ब्यूला हिचं लग्न एक-दोन वर्षांत ठरणार होतं. टेसीने तिच्यासाठी एक कातडं आत्ताच बाजूला काढून ठेवलं होतं. बाराव्या महिन्याच्या सभेत खेदपत्र वाचायचं ठरलं. आदल्या दिवशी सकाळी एनॉक येऊन सही नेणार होता.

त्याच्याही आदल्या दिवशी पाऊस लागला होता. इंग्रजांची फौज शहराच्या रोखाने येत असल्याची बातमी होती आणि प्रतिनिधी आपलं बाडबिस्तर घेऊन दक्षिणेला, बाल्टिमोरकडे निघाले होते. दुपारच्या आधी टेसीच्या दारावर थाप पडली. दारात एक किडकिडीत, चिखलाने माखलेला माणूस कोटाच्या आत काहीतरी छातीशी धरून उभा होता.

"बाई यार्नल तुम्हीच का? मी अँब्रोज फिच. प्रतिनिधींच्या दप्तरातला कारकून."

"मी टेसी. तू फार भिजलायस. पाय पूस आणि आत ये."

तो 'तू' त्याला लागला हे त्याच्या भुवयांवरून दिसलं, पण तो आत आला. ओढ्याच्या उतारावर गाडीचं चाक निसटलं होतं आणि दप्तराच्या पेटीत पाणी शिरलं होतं. कागद वाळत घातले होते, पण हे एक कागद नव्हतं. त्याने कोटातून गुंडाळी काढली. गावात विचारल्यावर सगळ्यांनी हेच घर दाखवलं, असं तो म्हणाला.

टेसीने ती मेजावर सावकाश उलगडली. खालचा तिसरा हिस्सा भिजला होता, कडा आखडून लाटा आल्या होत्या.

"हे कुणी शेकोटीपाशी धरलं?"

"मीच," फिच पुटपुटला. "अगदी थोडा वेळ."

"थोडाच वेळ धरलंस म्हणून वाचलं."

तिचा अंगठा सवयीने कोपऱ्याकडे गेला आणि तिथे थांबला. शहाजिऱ्याचा दाणा. सिल्व्हीने तिचा चेहरा पाहिला आणि तीही मेजाशी आली.

"टेसी," सिल्व्ही हळू आवाजात म्हणाली, "दोरीला हात लावायच्या आधी विचार कर. पहिल्यांदा तू अजाण होतीस. उद्या सकाळी तुझा भाऊ सही न्यायला येतोय."

टेसीने विचार करायचा प्रयत्न केला, असं ती पुढे सांगायची. पण कातडं तिच्या डोळ्यांसमोर आखडत होतं. ओलं कातडं मोकळं सोडलं की ते आपल्या मूळ मेंढीच्या आकारात जायला बघतं. तासाभरात सगळी अक्षरं एकमेकांवर चढली असती. "मी विचार करेपर्यंत हे फाटेल," ती म्हणाली. "खडे आण."

लिहिलेलं कातडं तिने जन्मात कधी ताणलं नव्हतं. कमी ताणलं तर लाटा राहणार, जास्त ताणलं तर शाईला चिरा जाणार आणि शब्दच्या शब्द गळून पडणार. एकेक खडा गुंडाळून तिने दोरी आवळली आणि एकेका खुंटीला पाव पीळ देत चौकटीभोवती ती दुपारभर फिरत राहिली. सिल्व्ही दुसऱ्या बाजूने तेवढाच पीळ देत होती. फिच भिंतीशी उभा राहून नखं खात होता. उजेड कलायला लागला तेव्हा खालच्या लाटा बसल्या होत्या आणि एकही अक्षर हललं नव्हतं. मग टेसीने तिपाई ओढली आणि पहिल्यांदाच ते वाचलं, मोठ्याने, सिल्व्हीसाठी.

सुरुवातीलाच लिहिलं होतं, की सगळी माणसं सारखीच निर्माण झाली आहेत.

"हे तर तुम्ही लोक नुसतं 'तू' म्हणून सांगता," सिल्व्ही म्हणाली. "त्याला एवढा मेंढा कशाला मारला?" मग तिने कमरेच्या डबीवर हात ठेवला आणि जरा वेळाने विचारलं, "सगळी म्हणजे सगळी? नीट वाच."

"सगळीच लिहिलंय."

"लिहिणाऱ्याला विचारायला हवं," सिल्व्ही म्हणाली, आणि ते हसत म्हणाली नाही.

टेसी वाचत गेली. राजाने काय काय केलं त्याची मोठी यादी होती, तिथे ती भराभर गेली. मग ती सह्यांपाशी आली. पन्नासाच्या वर नावं, ओळीत न मावता रांगारांगांनी लिहिलेली. मधोमध एक नाव एवढं मोठं, की सिल्व्ही म्हणाली हा घरात फार मोठ्याने बोलत असणार. टेसी नावं दोनदा वाचून फिचकडे वळली.

"यात बाया का नाहीत?"

"बाया?" फिच गोंधळला.

"दारावर कोण होतं त्या दिवशी? झाडलोट कुणी केली? शाई कुणी आणली?"

"शाई मीच ओतली."

"म्हणजे तू हजर होतास. मग तुझी सही कुठे आहे?"

तिने ते टोचायला विचारलं नव्हतं, तिला खरंच कळत नव्हतं, आणि हे फिचलाही जाणवलं असावं. तो भिंत सोडून चौकटीजवळ आला. "बाई, हे साक्षीचं पत्र नाही. ही राजाच्या हातात आयती दिलेली यादी आहे. ज्याचं नाव इथे, त्याच्या गळ्यात दोर. फौज येतेय म्हणून तर आम्ही पळतोय. मला कुणी सही कर म्हटलं नाही आणि त्या दिवशी मला त्याचं बरंच वाटलं. आज तुम्ही विचारल्यावर तितकंसं बरं वाटत नाही."

टेसीची नजर एका सहीवर अडली होती. ती सही थरथरलेली होती. अक्षरं वाकडीतिकडी, पेन दोनदा उचललेलं दिसत होतं. म्हातारा असेल, हाताला कंप असेल, किंवा त्याला भीती वाटली असेल. तरी त्याने नाव पुरं केलं होतं, शेवटच्या अक्षरापर्यंत.

आपल्या पडवीत, आपल्या खड्यांवर, आपल्या गाठींवर पन्नासाच्या वर माणसांच्या माना टांगल्या आहेत, असं तिला वाटलं. आणि त्यांनी त्या स्वतःच्या हाताने, नीट शाई वाळवून टांगल्या होत्या. ती लढाईच्या बाजूची नव्हती, त्या क्षणीही नव्हती. पण इतकी मोठी गोष्ट तिने आयुष्यात इतक्या जवळून पाहिली नव्हती. आपण याला लग्न समजलो त्यात फारसं चुकलो नव्हतो, असंही तिच्या मनात आलं. वचनच होतं ते, आणि ते पाळलं जाईल की नाही हे त्यातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. ती तिपाईवर तशीच बसून राहिली, जशी लग्नाच्या कातड्यासमोर बसायची तशी, सुरीशिवाय.

सकाळी पाऊस थांबला आणि कोरडा वारा सुटला. फिच लोकरीच्या पोत्यांवर घोरत होता. एनॉक आला तो खेदपत्र घडी करून टोपीत घालून. पडवीच्या दारात तो थबकला. चौकट अंगणाच्या उजेडात उभी होती.

"हे काय आहे, टेसी?"

"तुझा मेंढा."

एनॉक पुढे झाला. तो वाचत असताना टोपीखाली त्याचे ओठ हलत होते. सह्यांपाशी येऊन त्याचंही बोट, न टेकता, त्या थरथरलेल्या नावावर थांबलं. "याला काय झालंय?"

"माहीत नाही. पण पुरी केली त्याने."

मग एनॉकने खेदपत्र काढून मेजावर ठेवलं. "सही कर. मी इथे काही पाहिलं याबद्दल मी बोलणार नाही."

"कुणी विचारलं तर?"

एनॉकने दौत तिच्याकडे सरकवली. खोटं बोलणं त्यालाही येत नव्हतं.

टेसीने पेन उचललं. सिल्व्ही सांगायची, की पेन शाईत बुडलंही होतं. मग तिने ते परत दौतीत ठेवलं. "पहिल्यांदा मला ठाऊक नव्हतं, हे खरं आहे. काल ठाऊक होतं, आणि तरी मी खुंट्या पिळल्या. आता याच्याखाली 'मला खेद आहे' असं लिहायचं, तर तो खेद मला आधी वाटायला हवा. वाटत नाही, एनॉक. तू मला सभेतून काढशील याची फार भीती वाटतेय. पण खेद वाटत नाही. नसलेल्या गोष्टीखाली सही कशी करू?"

"या माणसांच्या पायी?"

"त्या म्हाताऱ्याने हात कापत असताना खरं लिहिलं. माझा हात तर बरा आहे."

एनॉकने कागद उचलला, घडी केली, टोपीत ठेवला आणि टेकडी चढून गेला. दुपारी फिच वाळलेली गुंडाळी छातीशी धरून निघाला. दारात वळून त्याने टोपी काढली आणि म्हणाला, "सांभाळून राहा तू, टेसी." तो शब्द त्याला जड गेला, पण त्याने तो म्हटला.

पुढल्या महिन्यात टेसी यार्नलला सभेतून काढलं. तो ठराव सगळ्यांपुढे वाचायचं काम एनॉककडेच आलं. तो शेवटपर्यंत वाचून बसला, पण एनॉकचा आवाज त्या दिवशी मागच्या बाकापर्यंत पोचला नाही असं म्हणतात. मागच्या बाकावर टेसी होती. त्यानंतर ती दर पहिल्या वारी, म्हणजे रविवारी, तिथेच बसायची, दारालगत, सिल्व्हीशेजारी. कुणी तिच्याशी वाईट वागलं नाही. फक्त तिच्याकडे बघून लोकांचं बोलणं जरा आवरतं व्हायचं, आणि तेवढ्याने माणूस वाळतो. ती वर्षभरात वाळली.

ते कातडं खरंच ते होतं का, असं मला लोक विचारतात. शहरातल्या आणखी दोन कातडेवाल्यांच्या घरीही असंच सांगतात, की ते आमच्याच पिंपातून निघालं. मी भांडायला जात नाही. कोपऱ्यातला शहाजिऱ्याचा दाणा शोधायला मला कुणी तिथवर जाऊ देणार नाही. पण टेसी कधी खोटं बोलली नाही आणि सिल्व्हीने कधी कुणाचं कौतुक फुकट केलं नाही, एवढं मला ठाऊक आहे.

ब्यूलाचं लग्न अठ्ठ्याहत्तरच्या पाचव्या महिन्यात झालं. मधल्या काळात लढाई आमच्या सभाघराच्या दारापर्यंत येऊन गेली होती आणि जखमींना निजवलेल्या बाकांवरचे काही डाग घासूनही गेले नव्हते. चर्मपत्र टेसीचंच होतं, दोन वर्षं बाजूला ठेवलेलं. एनॉकने ते येऊन मागितलं आणि तिने दिलं, दोघंही हवापाण्याशिवाय काही बोलली नाहीत.

दोघांनी वचन दिलं. लेख वाचून झाला. नवरा-नवरीने सह्या केल्या आणि मग लोक उठले. वधूच्या बापाची जागा उजव्या रांगेत सगळ्यात वर, नवरीच्या नावाखाली. एनॉक पेन घेऊन तिथे उभा होता. तो सही करेना. पुढच्याला पेन देत राहिला. बाया आल्या, पोरं आली, शेजारची जर्मन म्हातारी आली. सिल्व्ही आली आणि टेसीने शिकवलेली आपल्या नावाची अक्षरं तिने जीभ दातात धरून काढली. सगळे होईपर्यंत टेसी दारालगतच बसून होती. आपलं नाव पोरीच्या पत्रावर नको, ते तिच्या सासरी खुपेल, असं तिने मनाशी ठरवलं होतं.

एनॉक पेन आणि पत्र दोन्ही घेऊन सभाघराच्या मधल्या वाटेने मागच्या बाकापर्यंत चालत आला.

"एनॉक, मी सभेची नाही," ती हळूच म्हणाली.

"सभेचा कोण आहे ते इथे लिहीत नाहीत," एनॉक म्हणाला, आणि या वेळी त्याचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला. "हजर कोण होतं ते लिहितात. तू हजर होतीस."

तिने सही केली. हात थरथरत होता, मधे पेन दोनदा उचलावं लागलं, पण नाव पुरं केलं. मग एनॉकने पेन घेतलं आणि तिथेच, बाकावर वाकून, तिच्या नावाच्या खाली आपलं नाव लिहिलं.

ते चर्मपत्र आमच्या घरी आहे. ब्यूला माझी आई. उजव्या रांगेत सगळ्यात वर, नवरीच्या नावाखाली, बापाची जागा अजून कोरी आहे.